राखी न बांधणारी मुलगी

निवृत्त झाल्यापासून बरीच प्रकरणं माझ्या डोक्यातून पुसट होत चालली आहेत. जागा आठवतात, चेहरे आठवत नाहीत. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं आणि आजही माझं डोकं तापतं. त्यात कुणी फरार झालं नव्हतं. आम्हाला ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं, ते सगळे रोज सकाळी वेळेवर शाळेच्या प्रार्थनेला हजर असायचे.

त्या वेळी मी डोंबिवलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. ठाण्याच्या हद्दीत जुनी गावं होती आणि त्या गावांना चारी बाजूंनी वेढून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. अशाच एका गावात एक मराठी शाळा होती. कुणाचीही ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, नावं तर एकही देणार नाही. ज्या मुलीमुळे हे सगळं उघड झालं, तिला इथे मुलगीच म्हणेन. ती नववीत होती.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. बाई नीटनेटक्या होत्या, बोलणं मृदू. त्यांची तक्रार अशी की, शाळेत राखीच्या कार्यक्रमात मुली शिक्षकांना राख्या बांधतात, ही जुनी प्रथा. काल एका मुलीने एका सरांना राखी बांधायला सगळ्यांसमोर नकार दिला आणि हातातली ताटली स्टेजवर टाकून ती निघून गेली.

"साहेब, तिला एकदा इथे बोलावून जरा दम द्या," बाई म्हणाल्या. "गुन्हाबिन्हा काही नको. नुसती समज द्या. पोलिसांचं ऐकतात मुलं."

अशा विनंत्या आम्हाला नेहमीच येतात. जेवत नसलेल्या पोराला जसं आई पोलीसकाका येतील म्हणून सांगते, तसं शाळाही आम्हाला वापरू बघतात. एरवी मी हसून वाटेला लावलं असतं. पण मला एक गोष्ट कळेना. नववीतली मुलगी चारशे डोळ्यांसमोर ताटली टाकते, ती काय उगाच?

"तिने का नाही बांधली राखी?" मी विचारलं.

"तिचा सरांबद्दल एक गैरसमज झाला होता. तो मिटवला होता आम्ही."

एवढं वाक्य त्यांनी भरभर उरकलं. पोलीस खात्यात एक गोष्ट शिकायला मिळते. माणूस ज्या शब्दावरून घाईने पुढे सरकतो, तिथेच आपण खुर्ची टाकून बसायचं. मी विचारलं, गैरसमज कसला? बाईंनी पाणी मागितलं. कोणी मिटवला? "संस्थेच्या अध्यक्षांनी. नानांनी स्वतः बसून." कसा मिटवला? बाई म्हणाल्या, "पालकांचं समाधान झालंय हो, साहेब. आता तो विषयच नाही."

मी त्यांना चहा दिला, तक्रार स्टेशन डायरीला नोंदवून घेतली आणि पाठवून दिलं. मुलीला ठाण्यात बोलवायचा तर प्रश्नच नव्हता. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आमच्या ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये स्वतःच्या स्कूटरवरून गेल्या. मीही साध्या कपड्यांत रिक्षाने गेलो. पोलिसांची गाडी इमारतीच्या गेटवर उभी राहिली की अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर त्या घराची बदनामी झालेली असते.

घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. वडील एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला, मूळ गाव कोकणात. मी वडिलांना घेऊन खाली इमारतीच्या कट्ट्यावर बसलो. वर काय झालं ते उपनिरीक्षक बाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी मुलीला आधी विचारलं, "तुला कुठे बसून बोलायला आवडेल?" मुलगी म्हणाली, "किचनमध्ये. आईच्या बाजूला." मग तिघी ओट्याखाली फरशीवर बसल्या. आई भाजी निवडत होती.

मुलीने पहिलं काय विचारलं असेल? "मॅडम, मी सांगितलं तर शाळा मला काढणार का? पुढच्या वर्षी माझी दहावी आहे."

उपनिरीक्षक बाई म्हणाल्या, "तुला कुणी काढणार नाही. ते मी आणि आमचे साहेब बघतो."

"पण मी ऑलरेडी सांगितलंय ना. ऑफिसमध्ये. सगळ्यांसमोर. परत सांगायचं?"

"आत्ता एकदा. मलाच. पुढे कोर्टात सांगावं लागेल तेव्हा मी बरोबर असेन."

त्या शिक्षकाने तिच्याशी काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना त्यात रस असेल त्यांनी हे पान इथेच बंद करावं. जादा तासाच्या नावाखाली एकट्या मुलीला रिकाम्या कॉम्प्युटर रूममध्ये बोलावणारा माणूस तो होता, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एवढं पुरे. माझा संताप दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मुलीने हिंमत करून वर्गशिक्षिकेला सांगितलं, त्यानंतर शाळेने काय केलं, त्यावर.

ते मला खाली कट्ट्यावर वडिलांकडून कळलं. आधी ते बोलायलाच तयार नव्हते. "मिटलंय साहेब ते," एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "वरती फ्रिजवर नारळ बघितला का तुम्ही?"

मी बघितला नव्हता. त्यांनी सांगितलं. राखीच्या आदल्या आठवड्यात त्यांना शाळेत बोलावलं होतं. ऑफिसमध्ये नाना, मुख्याध्यापिका, संस्थेचे दोन सभासद आणि ते सर बसले होते. हो, ते सरसुद्धा. मुलीला मध्ये उभं केलं आणि नाना म्हणाले, बोल, काय झालं ते सगळ्यांसमोर बोल. ज्याने तिला छळलं त्याच्या तोंडावर, त्याच खोलीत, चार पुरुषांच्या आणि एका बाईच्या देखत, चौदा वर्षांच्या मुलीने ते सगळं बोलायचं. ती थोडं बोलली आणि रडायला लागली. सर म्हणाले, "मुलीसारखी आहे मला. तिला काहीतरी वेगळं वाटलं असेल." मग नानांनी निवाडा दिला. सरांनी वडिलांच्या पाया पडायचं, हातात नारळ द्यायचा, आणि राखीच्या कार्यक्रमात मुलीने सरांना राखी बांधायची. झालं, भाऊ-बहीण. विषय संपला.

"तुम्ही नारळ घेतलात?"

"हातात ठेवला साहेब. सगळे बसलेले. नाही कसं म्हणणार?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "बायको बोलली, ह्या नारळाचं खोबरं माझ्या घरात शिजणार नाही. तेव्हापासून फ्रिजवरच आहे. ना फोडता येत, ना टाकता येत."

नानांबद्दल इथे सांगितलं पाहिजे, कारण ते खलनायक नव्हते. जुन्या गावातले जमीनदार, शाळेची जागा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. गावात बांधावरून, पाण्यावरून, लग्नात झालेल्या मारामारीवरून तंटे झाले की देवळात गावकी बसते, नाना दोन्ही घरांचं ऐकतात, चुकलेला माणूस नारळ देतो, दुसरा घेतो आणि दोन्ही घरं पुन्हा एकमेकांकडे जेवायला जातात. ही पद्धत मी स्वतः बघितली आहे आणि तिने पोलिसांचं कितीतरी काम वाचवलं आहे. बांधाच्या भांडणाला ती उत्तम आहे. पण इथे भांडण होतंच कुठे? दोन घरांचा तंटा नव्हता तो. एका मुलीवर गुन्हा झाला होता आणि यांनी तो तिच्या बापाला नारळ देऊन मिटवला. मुलीला कुणी काही विचारलंच नाही.

वर किचनमध्ये उपनिरीक्षक बाईंनी मुलीला शेवटी विचारलं होतं, राखी का नाही बांधलीस? ती म्हणाली, "बांधली असती ना मॅडम, तर उद्या मी काही पण बोलली असती, तर सगळे बोलले असते, भाऊ आहे ना तुझा, राखी बांधलीस ना तू." एवढी अक्कल त्या ऑफिसात बसलेल्या एकाही मोठ्या माणसाला नव्हती.

गुन्हा त्याच दिवशी नोंदवला. बालकल्याण समितीला कळवलं, मुलीचा जबाब कल्याणच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्यांसमोर करवून घेतला. शिक्षकाला मी त्याच्या घरून उचललं, शाळेतून नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत त्याची वरात काढायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता.

माझ्यासमोर तो शांत बसला. वकील बरोबर होता. तो म्हणाला, "संस्थेने चौकशी करून विषय बंद केलाय. मी पाया पडलो ते नानांच्या शब्दाला मान देऊन. गुन्हा कबूल केला म्हणून नाही."

त्याचं हे म्हणणं मी झटकून टाकलं नाही, आणि वाचकांनीही टाकू नये. समजा, तो माणूस खरोखर निर्दोष असता. मग त्या नारळाने त्याचं काय झालं असतं? कुणी नीट चौकशी केली नाही, त्याचं म्हणणं लिहून घेतलं नाही, आणि पाया पडल्यामुळे गावभर तो दोषी ठरला असता, तोही जन्मभर. म्हणजे त्या नारळाने दोषी माणूस सुटतो आणि निर्दोष माणूस बुडतो. असली चौकशी कुणाच्याच कामाची नसते, फक्त शाळेच्या नावाच्या कामाची असते. म्हणून मी त्याचं सगळं म्हणणं शब्दशः नोंदवून घेतलं. त्याने सांगितलेल्या दोन शिक्षकांचेही जबाब घेतले. ते एवढंच म्हणाले की सर फार मेहनती आहेत आणि त्यांच्या विषयाचा निकाल चांगला लागतो.

मुलीच्या जबाबावर माझा विश्वास होता. पण वकील काय करणार ते मला दिसत होतं. रागावलेली विद्यार्थिनी, स्टेजवर ताटली फेकणारी, शिस्त नसलेली. त्यांनी तिला तसं रंगवायला सुरुवातही केली होती. राखी नाकारण्याचा तिचा एकुलता एक हक्कच तिच्या विरुद्ध वापरायचा होता त्यांना.

नानांना मी ठाण्यात बोलावलं. पांढरा शर्ट, पायजमा, हातात छत्री. ते आले ते रागावूनच.

"साहेब, मिटलेला इषय तुमी परत का उकरता? मी मिटवलाय ना. चार मानसं बसलेली, मास्तर पाया परला, नारल दिला. अजून काय पायजे?"

मी म्हटलं, "नाना, शाळेने पोलिसांना कळवायचं असतं, हा कायदा आहे. तुम्ही कळवलं नाहीत."

"पोलिसात गेलो असतो तर शालेचा नाव गेला असता. पोरीचा पन नाव गेला असता. मी पोरीलाच वाचवली." ते खुर्चीत पुढे सरकले. "इतकी वरसा शाला चालवतो मी. एकदा पन बोंब झाली नाय. कधी पेपरात नाय, कधी पोलिसात नाय. यापूर्वी पन दोन येला असाच झाला, तवा पन मीच मिटवला. इचारा बाईला."

मी पेन खाली ठेवलं. "यापूर्वी दोन वेळा? कुणाबद्दल, नाना?"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. अभिमानाच्या भरात काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. पण खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

"याच मास्तरचा," ते हळूच म्हणाले. "पन तवा पन गैरसमजच व्हता."

"एकाच माणसाबद्दल तीन मुलींचा गैरसमज?"

नाना छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत बसले.

"त्या दोघी आता कुठे आहेत?"

"एकीचा बाप कलव्याला गेला राहायला. दुसरी आंबिवलीला. दोघींनी दाखला नेला शालेतून."

कळलं का? तक्रार करणाऱ्या दोघी शाळा सोडून गेल्या. ज्याच्याबद्दल तक्रार होती तो तिथेच राहिला, आणि निकाल चांगला लावतो म्हणून त्याचा सत्कारही झाला. प्रत्येक नारळानंतर एक मुलगी कमी झाली. तिसरीचाही दाखला तयार ठेवायला सांगितला होता, हे मला नंतर कळलं. "तिच्याच भल्यासाठी," असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. हे भलं करायचं वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की कुणी ते उच्चारलं तरी मला उठून खिडकीशी जावंसं वाटतं.

उपनिरीक्षक बाई कळव्याला गेल्या. ती मुलगी आता ज्युनिअर कॉलेजात होती. आमच्या मुलीला ती ओळखतही नव्हती. तरी तिने जे सांगितलं त्यात तीच कॉम्प्युटर रूम होती, तोच जादा तास होता आणि दार लावून घेताना वापरलेलं तेच वाक्य होतं. तिच्या आईने विचारलं, "त्यांच्या घरी पण नारळ आला का हो?" आणि मग म्हणाली, "आमचा मी कळव्याच्या पुलावरून खाडीत टाकला. घरात ठेवला असता तर रोज दिसला असता."

आंबिवलीच्या कुटुंबाने दार उघडलं, पाणी दिलं आणि बोलायला नकार दिला. त्यांच्यावर आम्ही जोर केला नाही. बोलायचं की नाही ते त्या मुलीने ठरवायचं होतं. तपास त्यांच्याशिवायही उभा राहिला. शिक्षकाविरुद्ध दोन जबाब झाले, आणि गुन्हा माहीत असून कळवला नाही म्हणून नाना आणि मुख्याध्यापिका बाई यांच्यावरही कारवाई झाली.

बातमी फुटली तसे लोक शाळेच्या गेटवर जमले. काही जण काळं फासायला बाटली घेऊन आले होते. गर्दीत मला तोच सभासद दिसला, जो नारळाच्या दिवशी ऑफिसात खुर्ची टाकून बसला होता आणि मुलीच्या बापाला "वाढवू नका" म्हणाला होता. आता त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता. कुणीतरी मुलीच्या इमारतीचं नाव घेऊन ओरडलं. त्या क्षणी मी माझ्या नोकरीत क्वचितच चढवलेला आवाज चढवला. मी म्हणालो, ज्याने ते नाव पुन्हा घेतलं त्याच्यावर मी आत्ता इथे गुन्हा दाखल करतो, मुलीची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. गर्दी पांगली. काळ्या रंगाची बाटली गेटपाशीच राहिली. मुलगी बोलत होती तेव्हा यांपैकी एकानेही तिचं ऐकायला कान दिला नव्हता, आणि आता सगळ्यांना तिच्यासाठी ओरडायचं होतं.

माझ्यापुढे एकच काम उरलं होतं. मुलीला दिलेला शब्द. शाळेत प्रभारी म्हणून आलेल्या मुख्याध्यापकांना मी शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर सांगितलं की या मुलीचा दाखला शाळेतून बाहेर जाणार नाही. तिला वर्ग बदलायचा असेल तर तिला विचारा. बाक बदलायचा असेल तर तिला विचारा. काही करायच्या आधी तिला विचारा. ते म्हणाले, "पण बाकीच्या पालकांना अवघड वाटेल." मी म्हणालो, "वाटू दे."

पोरींनी बोलावं म्हणून आपण शाळांत तक्रारपेट्या लावतो, शिबिरं भरवतो, भिंतींवर चित्रं काढतो. मी अशा कितीतरी पेट्या पाहिल्या आहेत. बहुतेक मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याखाली, म्हणजे चिठ्ठी टाकणारी दिसलीच पाहिजे. मुलींच्या बोलण्याची कमतरता कधीच नव्हती. त्या तिघीही वेळेवर बोलल्या होत्या, आणि योग्य माणसाशी बोलल्या होत्या. आरोपीला बाहेर ठेवून, एका बाईने, एकदाच, दार लावून नीट ऐकायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा, एवढंच मोठ्यांना करायचं होतं. त्याला ना मोठं शिक्षण लागतं ना मोठं धैर्य. पण शाळेचं नाव मुलीपेक्षा मोठं झालं की एवढंही जमत नाही.

खटला कल्याणला चालला. शिक्षकाला शिक्षा झाली, त्यावर अपील आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. निकालाच्या दिवशी नाना न्यायालयाच्या आवारात मला भेटले. खूप थकले होते. म्हणाले, "साहेब, पोरीची माफी मागाची हाय मना. घरी जाव काय?" मी विचारलं, हातात काय घेऊन जाणार? त्यांना कळलं. ते गेले नाहीत. त्यांनी मुलीला निरोप पाठवला, आणि मुलीने भेटायला नाही म्हणून कळवलं. ते त्यांनी मान्य केलं. माझ्या मते या प्रकरणातला तो पहिला बरोबर निवाडा, आणि तो नानांनी दिलेला नव्हता.

ती मुलगी त्याच शाळेतून दहावी झाली. त्या वर्षी राखीचा कार्यक्रम झाला की नाही, मला माहीत नाही.

आता शाळा मला अधूनमधून पाहुणा म्हणून बोलावतात. भाषण झालं की शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करतात. मुख्याध्यापक माईकवरून अभिमानाने सांगतात, आमच्या शाळेत आजवर एकही तक्रार आलेली नाही. मी शाल घेतो. नारळ टेबलावर ठेवतो आणि माईक पुन्हा हातात घेऊन विचारतो, "एकही आली नाही, की आलेली एकही नोंदवून घेतली नाही?"